मागच्या खोलीतली उघडी रेघ

१

आटपाट नगर म्हणावं इतकं काही आमचं कुंभकोण मोठं नव्हे. नदीच्या अलीकडे देवळं, पलीकडे कॉलेज, आणि अलीकडच्या काठाला लागून आमची गल्ली. त्या गल्लीत एक सासू होती, एक सासरा होता, एक मुलगा होता, एक सून होती. सासू ती मीच, अंबाबाई. सासरे म्हणजे आमचे हे, त्यांचं नाव मी घेत नाही. सात डोंगरांवर जो देव राहतो त्याचंच आहे, समजून घ्या. मुलगा चंद्रमौली, घरात मौळी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. सून विशालाक्षी, तंजावरची, तिला आम्ही विशाली म्हणायचो, ती मला अत्या म्हणायची. चौघं होतो. पाचवं माणूस हवं होतं, ते येत नव्हतं.

दोनदा आलं आणि दारातून परतलं. दोन्ही वेळेस सहावा महिना. पहिलं सुईणीनं मला दाखवलं नाही. दुसरं मी हट्टानं पाहिलं. फडक्यात पालथं ठेवलं होतं, आणि त्याची पाठ मिटलेली नव्हती. मानेपासून खाली फट. एवढंच सांगते. मी ते विशालीला सांगितलं नाही, मौळीला नाही, ह्यांनाही नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं तर सुनेच्या जिवाची खात्री देता येणार नाही.

तरी घर दुःखी नव्हतं, हे खरं ते सांगायला हवं. पहाटे उठून मी दारात सडा घालायचे, रांगोळी काढायचे. विशाली कॉफी गाळायची. हे ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि वाचता वाचता सगळ्या जगाला नावं ठेवायचे. मौळी होडीनं नदी ओलांडून कॉलेजला जायचा.

घराच्या मागे, अंगणापलीकडे, एक लहान खोली होती. बायकांनी महिन्याचे तीन दिवस बाहेर बसायची खोली ती. एक खिडकी, एक चटई, एक पितळेचा पेला. माझे दिवस कधीच सरले होते, तेव्हा ती खोली एकट्या विशालीची. तिथं देवाचा दिवा लावत नाहीत आणि रांगोळी घालत नाहीत. हे कोणी शिकवावं लागत नाही. मला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी मी घातली.

२

गावावरून मोठं वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मौळी तेव्हा अंड्यांच्या मागे लागला होता. आमच्या घरात जेवताना हा शब्द कोणी उच्चारत नसे, आणि माझा मुलगा गावठी कोंबडीची अंडी उबेच्या पेटीत ठेवून, दर दोन तासांनी एक उघडून, आत पिल्लू कुठवर आलं ते बघत बसायचा. परदेशातल्या लोकांनी तक्ता छापला होता, कितव्या तासाला काय दिसतं त्याचा. मौळीचं म्हणणं, ती त्यांची कोंबडी आणि त्यांची थंडी. कावेरीकाठच्या कोंबडीचा तक्ता वेगळा निघेल. त्यासाठी चित्रं हवी होती. आणि चित्रात त्याचा हात असा, की मद्रासचे त्याचे गुरू नरसिंहाचार ह्यांनी सगळी परत पाठवली. वर लिहिलं होतं, "ही पिल्लं आहेत की उन्हात वाळवलेले सांडगे?"

आमचे हे ओट्यावर ते पत्र तीनदा वाचून हसले.

दिवाळीच्या सुट्टीत मौळी कॉलेजातला मायक्रोस्कोप पेटीत घालून घरी घेऊन आला. सोबत काचेच्या पट्ट्या.

"अम्मा, एकदा बघ ना."

"काय आहे त्यात?"

"तेहतीस तासांचं पिल्लू."

"शिव शिव. आज एकादशी. घेऊन जा बाहेर."

"अंडं नाही गे अम्मा, काच आहे. आत एवढंसं, रंग दिलेलं. तांदळाच्या दाण्याएवढं."

ओट्यावरून ह्यांचा आवाज आला, "अगे, बघ एकदा. दगडाचा देव बघायला तिरुनागेश्वरमपर्यंत चालत जातेस, घरबसल्या काच बघायला काय झालं?"

एक डोळा मिटून बघितलं. गुलाबी दोरा होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना ठिपके. जोडीजोडीनं, एकाखाली एक, नेमके. कोणा चांगल्या हाताच्या बाईनं घातलेली रांगोळी जणू.

"बारा जोड्या," मी म्हटलं.

मौळी माझ्याकडे बघतच राहिला. "मला मोजायला पाव तास लागला होता."

मला अक्षर येत नाही. पण चौतीस वर्षं रोज पहाटे मी ठिपके मोजूनच घालत आले होते. एक चुकला तर रेघ परत घरी येत नाही. त्यानं कागद-पेन्सिल दिली, मी काढून दिलं. मग दुसरं, मग तिसरं. आठ दिवसांत मद्रासहून पत्र आलं, "हा चित्रकार कोण? त्याला सोडू नका."

"सोडतोय कुठं," हे म्हणाले. "चौतीस वर्षं बघतोय सुटतोय का."

एकदा मी मौळीला विचारलं, "हे ठिपके म्हणजे काय रे?"

"ह्यांचेच पुढे मणके होतात. वरून खाली एकेक जोडी वाढत जाते."

"आणि मधला दोरा?"

"ती घडी. आधी उघडी असते. दोन्ही कडा उठतात आणि एकमेकींना भेटतात. मधून सुरुवात, मग वर आणि खाली. तू करंजीची कड मिटवतेस ना, तशी."

"नाही मिटली तर?"

तो काच पुसत होता. "तर वाढतं थोडे दिवस. पण निभत नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हटलं, "तुझ्या हातात सुई असते की. तू का नाही मिटवत?"

"पहिल्या वर्षी केलं होतं, अम्मा. सुईनं कडा जुळवल्या. जुळल्याही. पण पिल्लू तिथंच थांबलं, पुढची जोडी आलीच नाही. तेव्हापासून हात लावत नाही. ऊब राखायची, वारा येऊ द्यायचा नाही, आणि बसायचं. लोकांना वाटतं आम्ही काय काय करतो. आमचं काम बसण्याचं."

३

मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, जवळ आला की आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींशी फार गोड बोलतात आणि रांगोळ्या लपवून ठेवतात. महिनाभर रोज पहाटे दारात मोठी रांगोळी, आणि गल्लीभर तिची परीक्षा. माझी स्पर्धा समोरच्या अलमेलूशी.

"मामी, यंदा काय? तीच कमळं?" तिनं फुलं निवडता निवडता विचारलं.

"तुझे मोर यंदा तरी मोर दिसतील का ते सांग. मागल्या साली आमच्या मौळीनं कोंबड्या समजून वहीत उतरवून घेतले."

ती हसली, पण मला ठाऊक होतं की तिनं दारासुरमच्या माहेराहून काहीतरी नवं आणलेलं आहे. मग माझ्याही मनात आलं. मौळीच्या काचेतली रांगोळी गल्लीत कोणी पाहिली होती? कोणी नाही.

नवी रांगोळी आधी घरात सरावाला घालून बघतात. आमच्या सासरची एक रीत आहे. सरावाची रांगोळी पुरी करायची नाही; वरच्या टोकाला रेघ थोडी उघडी सोडायची. पुरी केली की ती पूजेची होते, मग तिला झाडू लावता येत नाही.

घालायची कुठं? मधल्या खोलीत घातली तर हे गल्लीभर सांगणार. अंगणात घातली तर अलमेलू गच्चीवरून बघणार. मागची खोली रिकामी होती. खरं म्हणजे त्या आठवड्यात ती रिकामी असायला नको होती. विशाली तिथं बसायची होती, ती बसली नव्हती. सहा दिवस वर गेले होते. तिचे दिवस मागेपुढे होत, म्हणून मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, म्हणूनही विचारलं नाही.

मार्गळीला पाच दिवस होते. दुपारी मी पिठाचा डबा घेऊन गेले आणि चटई उभी केली. सात जोड्या ठिपके, मधे दोन समोरासमोरच्या रेघा, त्यांच्याभोवती वळसा. वरचं टोक चार बोटं उघडं सोडलं. उठून पाहिलं तर फार देखणं दिसलं. इतकं की झाडून टाकायला हात होईना. दाराला कडी लावली आणि भाजी चिरायला गेले.

४

दुसऱ्या दिवशी दहा जोड्या होत्या.

मी दारातच उभी राहिले. पुन्हा मोजल्या. वरून मोजल्या, खालून मोजल्या. दहा.

माझी मोजणी चुकत नाही. पण माणूस आहे, वय झालं, काल सात घातल्या असं वाटलं आणि घातल्या दहा, असंही होऊ शकतं. मी असं स्वतःला समजावलं आणि मला ते पटलं. तरी जाताना कोनाड्यात दहा चिंचोके ठेवले आणि उंबऱ्याच्या आतून चुलीतली राख पसरली. हे चेष्टा करत असतील तर पाऊल उठेल.

तिसऱ्या दिवशी कोनाड्यात दहा चिंचोके, जमिनीवर तेरा जोड्या. राख जशीच्या तशी.

मग मुंग्या. मुंग्या पीठ नेतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेतात, पण आणून घालत नाहीत. आणि घातलं तरी जोडीनं घालत नाहीत. वाकून पाहिलं. वरच्या सात जोड्या माझ्या होत्या, माझ्या चिमटीएवढ्या. खालच्या सहा फार बारीक. मोहरी त्यापेक्षा मोठी. तेवढा ठिपका माझ्या बोटांतून सुटत नाही, गल्लीत कोणाच्याच सुटत नाही. डब्यातलं पीठ कमी झालेलं नव्हतं.

मी मधे समोरासमोर ओढलेल्या दोन रेघा आता दोन नव्हत्या. कमरेपाशी त्या एक झाल्या होत्या, आणि तिथून वर आणि खाली मिटत चालल्या होत्या.

कमरेपाशी, असं मी म्हणून गेले. रांगोळीला कंबर नसते.

मी तिथं बसले. बाहेर अंगणात ऊन होतं, विशाली हादग्याचा पाला तोडत होती, हे तिला काहीतरी सांगून हसवत होते. खोलीत गारवा असायला हवा होता. मी फरशीला तळवा लावला. भाकरी नुकतीच उचललेल्या तव्यावर दुरून हात धरावा, तेवढी ऊब होती. आणि एक आवाज होता. चाळणीतून पीठ पडतं तेव्हा येतो तो, पण फार लांबून, दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आल्यासारखा. मी ऐकायला श्वास धरला की तो थांबायचा. श्वास सोडला की पुन्हा.

झाडू दाराशीच होता. मी तो उचलून अंगणात नेऊन ठेवला.

५

चौथ्या दिवशी सोळा. त्या दिवशी मौळी जेवायला बसला तेव्हा मी ताक वाढता वाढता विचारलं, "काय रे, तुझ्या पिल्लाला एक जोडी वाढायला किती वेळ लागतो?"

"दीड तास, जरा कमीजास्त."

मला हायसं वाटलं. दीड तासाला एक म्हणजे दिवसाला सोळा. आपलं ते नव्हे.

"आणि गाईचं? माणसाचं?" मी उगाच विचारावं तसं विचारलं.

"माणसाचं फार सावकाश, अम्मा. दिवसाला तीन जोड्या म्हणतात."

ताकाचं भांडं माझ्या हातून पडलं नाही. मी ते नीट खाली ठेवलं.

"माणसाची घडी वरच्या टोकाला कधी मिटते?"

"विसाव्या जोडीच्या आसपास. काय गे, आता डॉक्टर होणार का?"

"होईल, होईल," हे म्हणाले. "आधी मला थोडी भाजी वाढ म्हणावं. सुनेनं सगळा पाला एकटीनं संपवला. शेळी बरी."

विशाली हसली आणि मान खाली घातली. ताटात तिनं पुन्हा पालाच घेतला होता. आठ दिवस ती सकाळ-संध्याकाळ हादग्याचा पाला खात होती, शिजवलेला, नुसता, कशाशीही. आधीच्या दोन्ही वेळेस तिला हिरवं डोळ्यांपुढे नको असायचं. तिनं वर पाहिलं, मी तिच्याकडे पाहत होते. तिला कळलं की मला कळलं आहे. दोघीही बोललो नाही. बोललं की ते जातं, असं आम्हा दोघींना दोन वेळच्या अनुभवानं वाटायला लागलं होतं.

जेवणं झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. घडी कमरेपासून वर मिटत मानेपर्यंत आली होती. वरचं टोक मात्र तसंच. चार बोटं उघडं. मी सोडलं होतं तेवढंच.

मी सोडलं होतं. माझ्याच हातानं, रीत म्हणून.

६

पाचव्या दिवशी सकाळी एकोणीस. दुसऱ्या दिवशी मार्गळी लागणार होती, आणि गल्लीत मी सोडून सगळ्या बायका रांगोळीचा विचार करत होत्या.

दुपारी हे मधल्या खोलीत घोरत होते. मौळी कॉलेजात. विशाली पडली होती, कंबर भरून आली म्हणत होती. आभाळ भरलं होतं, जाता पाऊस एक सर देऊन जाईल असं. मी पिठाचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि जमिनीवर बसले.

विसावी जोडी आली होती. वरची फट तशीच.

चिमटीत पीठ घेतलं. चार बोटांची रेघ. डोळे मिटून ओढीन अशी रेघ. एवढं केलं की झालं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, अंबाबाई, तू एका खोलीत पिठाचे ठिपके बघत बसली आहेस, तुझं डोकं फिरलं आहे, उठ आणि झाडू आण. दोन्ही मनं माझीच होती आणि दोन्ही शहाणी होती. आणि मला फडक्यातली ती पाठ दिसत होती.

हात पुढे नेला. चिमूट फटीवर धरली, अजून सोडली नव्हती.

खालचं पीठ वर उठलं. फार नाही; केसाएवढं. तान्ह्या मुलाच्या गालाला बोट लावलं की ते तोंड वळवतं ना, तसं फटीच्या दोन्ही कडांचं पीठ माझ्या बोटांकडे वळलं. आणि ठिपक्यांच्या ओळीच्या जरा पुढे, जिथं मी काहीच घातलेलं नव्हतं, तिथं पिठाचा एक उंचवटा होता. तो वर येत होता आणि खाली बसत होता. वर येत होता आणि खाली बसत होता. घाई नव्हती त्याला.



मौळीची सुई आठवली. जुळल्या, पण तिथंच थांबलं. मी मुठीत पीठ दाबून हात मागे घेतला. ही रेघ माझी नव्हती. सुरुवात माझी असेल, पण ही माझी नव्हती.

मग मला करता येण्यासारखं जे होतं ते केलं. खिडकीतून वारा यायला लागला होता, तिथं ओलं लुगडं अडकवलं. भिंतीकडून मुंग्यांची एक रांग निघाली होती, तिला हळदीचा आडवा पट्टा घातला. आणि दाराकडे पाठ करून, रांगोळीवर वारा येणार नाही अशी, बसून राहिले. लुगड्यावर पावसाचे थेंब वाजायला लागले. त्यातही तो चाळणीचा आवाज वेगळा कळत होता. आता लांबून नव्हता.

"अत्या."

दार ढकललं गेलं. मी उठून दार अडवलं, दोन्ही हात चौकटीला.

दारात विशाली. काखेत तिची चटई, तोंड पांढरंफटक.

"कळ येतेय. डाग दिसला. मला आत बसावं लागेल असं वाटतंय." एवढं बोलून तिचा आवाज फुटला. "ह्या वेळेस मी कोणालाच सांगितलं नव्हतं, अत्या. म्हटलं, न सांगता राहील. आत येऊ द्या मला."

"नाही."

"मग बसू कुठं?"

"ही खोली रिकामी नाही."

 ती माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली. मी आणखी रुंद झाले.

"कोण आहे आत?"

"कोणी नाही. तू मधल्या खोलीत जा. माझ्या गादीवर आडवी पड, पायाखाली उशी घे."

"गादीवर? अत्या, शिवाशिव होईल. तिथं देव आहेत, मामंजी आहेत."

"मामंजींना मी बघते. देवांनाही मी बघते. ती चटई टाक इथंच."

ती हलेना. तिला वाटलं असेल सासूचं डोकं फिरलं. तेव्हा मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर बसायच्या बाईला मी जन्मात कधी शिवले नव्हते.  मी तिला वळवलं आणि अंगणाकडे पाठवलं.

"जा माझे आई. हळू चाल."

ती गेली. पावसात, तोंडावर पदर धरून. आणि माझ्या मागे आवाज थांबला. सगळाच थांबला. थेंब पडत होते, पण मला ऐकू येत नव्हते.

मी सावकाश मागे वळले.

फट मिटली होती.

माझ्यासारखी रेघ नव्हती. आमच्या घरच्या बायका डावीकडून उजवीकडे हात नेतात; ही उजवीकडून आली होती, खालून, आणि टोकाला तिनं एक लहानसा जास्तीचा वळसा घेतला होता, कोणी हौसेनं घ्यावा तसा. त्या वळशाच्या शेवटी पीठ अजून हलत होतं. बोट नुकतंच उचललं गेलं की हलतं तेवढं. आणि जिथून उचललं गेलं तिथं एक खूण होती. बोटाच्या टोकाची. रेषा दिसाव्यात इतकी स्पष्ट. तांदळाच्या दाण्याएवढी.

मी ओरडले नाही. उलट मला बरं वाटलं, आणि ह्या बरं वाटण्याचीच मला पुष्कळ दिवस भीती वाटत राहिली.

७

मधल्या खोलीत हे उठून बसले होते. गादीवर सून, देवांसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही विचारू नका." तर म्हणाले, "विचारत नाही. हिला गरम काही देऊ का ते सांग." आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः दूध तापवलं. उतू गेलं, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळपर्यंत कळ उतरली. दुसऱ्या दिवशी डाग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस उठायचं नाही म्हणून सांगितलं आणि काय खातेस म्हणून विचारलं. पाला म्हटल्यावर म्हणाल्या, खाऊ दे, पाल्यानं कोणाचं वाईट होत नाही. कदाचित पाल्यानंच झालं असेल. मी नाही म्हणत नाही.

मी रोज दुपारी दारातून डोकावायचे, आत जात नव्हते. तेवीस, सव्वीस, एकोणतीस. बेचाळीसाव्या जोडीला वाढ थांबली. पुढच्या सकाळी फरशी मोकळी होती. झाडलेली नाही, पुसलेली नाही, मुंगी नाही, पिठाचा कण नाही; हात लावला तर गार. उंबऱ्याआतल्या राखेवर नवं पाऊल नव्हतं. एक बारीक रेघ मात्र होती, केसासारखी, खोलीतून निघून अंगणाच्या दिशेनं घराकडे आलेली. मी पायरीवर बसून तिच्याकडे पाहिलं. मग राख भरली आणि तुळशीत टाकली.

त्या मार्गळीत मी दारात साधी कमळं घातली. अलमेलूच्या रथाची रांगोळी जिंकली. मी तिला मनापासून शाबासकी दिली, तर ती घाबरली. "मामी, तब्येत बरी आहे ना?"

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कावेरीला नवं पाणी आलं, त्यानंतर आठव्या दिवशी विशाली बाळंत झाली. दिवसाढवळ्या, पूर्ण दिवसांची, मुलगी. सगळ्या बायका रडणं ऐकत होत्या. मी मूल हातात घेतलं ते पालथं केलं. मानेपासून खाली बोट फिरवलं. एकेक मणका बोटाला लागत गेला, आणि कातडी अशी घट्ट मिटलेली, जणू करंजीची कड. सुईण म्हणाली, "अम्मा, तोंड बघायचं सोडून पाठ काय बघता?" मी म्हटलं, "तोंड पुढे जन्मभर बघायचंच आहे."

विठ्ठलाच्या पायावर घालून तिचं नाव रुक्मिणी ठेवलं. मौळीचा तक्ता पुरा झाला, मद्रासला छापून आला. चित्रांखाली माझं नाव आहे म्हणतात. मला वाचता येत नाही, पण कुठली काळी ओळ ते ठाऊक आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहाच्या स्नानाच्या गर्दीत रुक्मिणी ह्यांच्या खांद्यावर बसून सगळ्या गावाला हात हलवत होती. तिच्या पाठीवर दोन वर्षांनी भाऊ झाला, आठ पौंडांचा.

मागच्या मार्गळीत ती साडेतीन वर्षांची होती. पहाटे माझ्यामागून दारात आली, डब्यात बोटं घातली, आणि माझी रेघ जिथं संपत होती तिथं बसली. उजवीकडून, खालून हात आणला तिनं. टोकाला लहानसा वळसा घेतला, आणि बोट उचललं.

समोरून अलमेलू बघत होती. "मामी, ही उलटी रेघ तिला कोणी शिकवली? तुमच्याकडे कोणी अशी घालत नाही."

"आमच्याच घरातली आहे," मी म्हटलं. "जुनी आहे."

रुक्मिणीनं वर पाहिलं आणि हसली. मग पिठाचा हात माझ्या लुगड्याला पुसला.

आता आमच्या घरात सहा माणसं जेवायला बसतात, आणि मागच्या खोलीत तांदळाची पोती ठेवतात. सरावाची असली तरी रांगोळी आम्ही उघडी सोडत नाही. आमच्या घरची रेघ जशी मिटली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरचीही मिटो, आणि येणारं माणूस दारातून न परतता आत येऊन बसो.